बाई तीच, बाळं दोन. मग फरक कशाने पडला?

कवडसा | सोमवार, रात्री १०:२०

धाकटी परवा सहा महिन्यांची झाली. इतक्या दिवसांत तिच्या पोटात माझं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, याशिवाय काही गेलेलं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. थोरल्याच्या वेळी मात्र अठराव्या दिवशी घरात पावडरच्या दुधाचा डबा आला आणि तो अडीच महिन्यांचा होईतो माझं दूध पार आटलं.

अंगावर पाजायचं दोन्ही वेळा ठरलेलं होतं. उलट पहिल्या खेपेला मी जास्त ठाम होते, वाचून-विचारून तयारी केली होती. बाळंतपणं दोन्ही सिझरची. मधे चार वर्षांचं अंतर. मग एकदा जमलं, एकदा नाही, असं का व्हावं? "दुसऱ्या वेळी अनुभव असतो" एवढ्यावर माझं समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

आठवतंय ते लिहिते. थोरल्याला माझ्याजवळ आणलं ते नऊ तासांनी. तोवर दोनदा बाटलीने दूध पाजून झालं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अंगावर घेतलं की तो तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी निप्पलला चिरा पडल्या. त्याला जवळ घेताना मी दर वेळी पायाची बोटं आवळून धरायचे. तरी रेटत होते. मग ती अठराव्या दिवसाची संध्याकाळ आली. पाच वाजल्यापासून रडत होता. घेतलं की पाच मिनिटं प्यायचा, सोडायचा, पुन्हा रडायचा. साडेनऊला घरातलं कुणीतरी म्हणालं, "पोट भरत नाहीये गं त्याचं." मी पंप लावला. दोन्ही बाजूंचं मिळून वीस मिली निघालं. ती बाटली मी दिव्यापुढे धरून पाहिली. तळाशी बोटभरही नाही. तिथेच माझा धीर सुटला. साठ मिली पावडरचं दूध पिऊन तो सलग चार तास झोपला, आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी एकदा दिलं, मग दोनदा, मग रात्रीचं सगळंच.

धाकटीच्या वेळी टाके घालणं चालू होतं तेव्हाच सिस्टरनी तिला माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. थोड्या वेळाने तिनेच हुडकत हुडकत तोंड लावलं. आणि एकविसाव्या दिवशी अगदी तशीच संध्याकाळ आली! तेच रडणं, तीच पाच-पाच मिनिटं. माझा हात पंपाकडे गेलाही होता. पण नवरा म्हणाला, "आज शू किती वेळा झाली? आठ ना? मग दूध जातंय पोटात. तू टेकून बस, मी पाठीला उशी लावतो." अकरापर्यंत ती पीत-रडत राहिली आणि मग झोपली.

माझ्या मते माझी दोन्ही बाळंतपणं त्या दोन वाक्यांनी वेगळी केली. तुमच्याकडे कशाने ठरलं? जमलं त्यांनी लिहा, आणि ज्यांना नाही जमलं त्यांनी तर नक्की लिहा.


पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ६:५०

मी चौदा वर्षं प्रसूती विभागात सिस्टर होते, आता फक्त स्तनपानाचं समुपदेशन करते. कवडसाताई, अशी संध्याकाळ मी शेकडो घरांतून ऐकली आहे. "दूध पुरत नाही" हे वरचं दूध सुरू करण्यामागचं जगभर सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण. त्यातल्या बहुतेक बायकांना दूध पुरत असतं, विश्वास पुरत नसतो.

दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, मग सहाव्या आठवड्यात, मग तीन महिन्यांच्या आसपास बाळ एकाएकी जास्त मागू लागतं. बहुतेकदा संध्याकाळीच. ते सारखं सारखं पिणं म्हणजे पुढच्या दिवसांसाठी दूध वाढवून घेणं असतं. जितकं निघतं तितकं बनतं, सगळं गणित एवढंच आहे. स्तन भरलेला राहिला की दूध बनण्याचा वेग शरीर आपणहून कमी करतं. बाळाने तुमच्याकडे मागितलेले साठ मिली बाटलीने भागवले, की त्या साठ मिलींची मागणी तुमच्या शरीरापर्यंत पोचतच नाही. दोन दिवसांनी दूध खरोखर कमी होतं आणि सगळ्यांना वाटतं, बघा, आम्ही म्हणत होतो ना.

पंपाबद्दल एक नक्की लक्षात ठेवा: पंप हे दूध मोजायचं माप नाही. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे, आणि वेदना किंवा धास्ती असली की तो अडतो. रडणारं बाळ शेजारी, चिरा पडलेल्या, घरचे बघतायत, अशा वेळी वीस मिली निघाले यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाळाने बाटली संपवली यावरूनही नाही. तोंडात धार येत राहिली की ते गिळत राहतं.

मग कशावरून ओळखायचं? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, पिवळी पातळसर शी आणि वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत जन्माच्या वजनात सात ते दहा टक्के घट चालते. साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघायला हवी. घट दहाच्या पुढे गेली किंवा बाळ प्यायला उठतच नसेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टर.

आणखी एक. सिझर झालं म्हणून नऊ तास लागतातच असं नाही. आई शुद्धीवर असेल आणि दोघं ठीक असतील तर टेबलावरच बाळ छातीवर देता येतं. पहिल्या तासात बाळ जागं असतं, शोधत असतं. नंतर ते बराच वेळ गुंगीत जातं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे बाळ आधी धुऊन, गुंडाळून वेगळ्या खोलीत नेण्याची पद्धत होती. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटत नसे, याचं आज वाईट वाटतं.


दवबिंदू | मंगळवार, सकाळी ९:१५

बाप म्हणून लिहितो. आम्हाला पहिल्या दोन महिन्यांत "तुझं इथे काय काम" असं सगळे बोलून दाखवतात, आणि आपल्यालाही ते पटतं. मग बाळाशी जवळीक करायची म्हणून आपण बाटली मागतो. मीही मागितली होती. बायको म्हणाली, "त्याला पाजायचं काम माझं, पण मला पाजण्याजोगं ठेवायचं काम तुझं."

मग मी कामं वाटून घेतली. रात्री बाळ उठलं की डायपर मी बदलायचा, तिच्या हातात द्यायचं, पिऊन झालं की ढेकर मी काढायचा. ती फक्त कुशीवर वळायची. तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरलेला राहील हे मी बघायचं. भेटायला येणाऱ्यांना वेळ मी द्यायची. आणि "दूध येतंय का नीट?" हा प्रश्न तिच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, त्याचं उत्तर बाहेरच मी द्यायचं. दिवसातून अकरा जण तो प्रश्न विचारत, मी एकदा मोजले होते.

बापांना यात काही करता येतं का, याचा इटलीत रीतसर अभ्यास झाला आहे, २००५ साली प्रसिद्ध झालेला. एका गटातल्या बापांना पाजताना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे उपाय शिकवले, दुसऱ्या गटातल्यांना ते शिकवलं नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटात २५ टक्के आया पूर्ण स्तनपान देत होत्या, दुसऱ्या गटात १५ टक्के. आयांना सल्ला दोन्ही गटांत मिळाला होता. वेगळी होती ती फक्त बापांची शिकवणी, आणि फरक आयांमध्ये दिसला.


तिन्हीसांज | मंगळवार, दुपारी ३:०५

कवडसा, तुझ्या घरातलं ते साडेनऊचं वाक्य कुणाचं होतं ते तू लिहिलं नाहीस. माझ्या घरात ते माझं होतं. मी अडुसष्ट वर्षांची आहे.

सून रडवेली होऊन बसली होती, नातू रडून लाल झाला होता आणि मी म्हणाले, पोट भरत नाहीये. मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या वेळी मला जे सांगितलं गेलं तेच मी पुढे सांगितलं. आम्हाला घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजायला सांगायचे. मधे रडला तर पाणी पाजा म्हणायचे. चौथ्या महिन्यापासून वरचं सुरू करायचं, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. दवाखान्यातून निघताना हातात पावडरच्या डब्याचा नमुना ठेवला होता आणि मला वाटलं होतं, किती काळजी घेतात! माझ्या दोन्ही मुलांना तिसऱ्या महिन्यात बाटली लागली. मुलं चांगली वाढली, म्हणून मला त्यात कधी काही खटकलं नाही.

सुनेने भांडण केलं नाही. पुढच्या तपासणीला ती मला बरोबर घेऊन गेली. तिथल्या बाईंनी मलाच विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?" इतक्या महिन्यांत मला कुणी प्रथमच विचारलं होतं. मी पाण्याचं विचारलं, उकाड्यात बाळाला तहान लागत नाही का? त्या म्हणाल्या, आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. वरून पाजलेल्या पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. हे मला कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

लेकीसुनांना एकच सांगेन. आम्हाला खोलीबाहेर ठेवू नका, आत घ्या आणि दाखवा. आम्ही त्या खोलीत दिवसभर असतो.


उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४०

तिन्हीसांजताई, तुम्हाला तेव्हा चुकीचं सांगितलं असं नाही, तेव्हाचा सल्लाच तसा होता. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी चार ते सहा महिने केवळ स्तनपान असं सांगत असे. २००१ साली ते "सहा महिने" झालं. म्हणजे आजची आई आणि आजची आजी यांच्या हातात दोन वेगळे सल्ले आहेत आणि दोघींना ते डॉक्टरांकडूनच मिळालेले आहेत. घरोघरच्या या वादाचं मूळ बरंचसं इथे आहे असं मला वाटतं.

मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो. कवडसा यांच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारा अभ्यास बेलारूसमधला आहे. १९९६-९७ मध्ये तिथल्या ३१ रुग्णालयांतून १७,०४६ आई-बाळांच्या जोड्या घेतल्या. सगळ्या आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती, म्हणजे इच्छेचा प्रश्न नव्हता. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना नीट प्रशिक्षण दिलं: बाळ कसं लावायचं, आईजवळच ठेवायचं, मागेल तेव्हा पाजू द्यायचं, गरजेशिवाय वरचं द्यायचं नाही. उरलेल्या ठिकाणी नेहमीप्रमाणे चालू ठेवलं. तीन महिन्यांनी केवळ स्तनपानावर असलेली बाळं पहिल्या गटात ४३.३ टक्के होती आणि दुसऱ्यात ६.४ टक्के.

बायका त्याच देशातल्या, त्याच काळातल्या. बदलली ती त्यांच्या भोवतालची माणसं आणि रुग्णालयाची रीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये 'बाळस्नेही रुग्णालय' उपक्रम सुरू केला. बेलारूसमध्ये पारखलं ते त्याच धर्तीवरचं काम. सहाव्या महिन्याला मात्र तिथेही आकडा ७.९ आणि ०.६ इतका खाली आला होता. दवाखान्याने दिलेलं बळ घरी पोचल्यावर एकट्याने पुरत नाही, त्याला पुढे घर आणि नोकरी लागते. आज जगात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी केवळ स्तनपानावर असलेली सुमारे ४८ टक्के आहेत, हा २०२३ मध्ये जाहीर झालेला आकडा.

त्या डब्याच्या नमुन्याबद्दल. आयांना फुकट नमुने देऊ नयेत, दवाखान्यात जाहिरात करू नये, हा आंतरराष्ट्रीय संकेत मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केला. पण तो आपोआप कायदा होत नाही, देशादेशाने करावा लागतो. आणि जाहिरात आता फोनमध्ये आली आहे. २०२२ साली आठ देशांतल्या साडेआठ हजार पालक आणि गर्भवतींची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या ५१ टक्के जणांपर्यंत फॉर्म्युलाची, म्हणजे पावडरच्या दुधाची, जाहिरात पोचलेली होती. बाळाचं साधं रडणं, प्यायलेलं दूध ओकणं, रात्री उठणं यालाच तक्रार ठरवायचं आणि तिच्यावर उपाय म्हणून डबा दाखवायचा, ही तिची रीत. अठराव्या दिवशीच्या थकलेल्या आईला रात्री दोन वाजता तेवढं पुरतं.


काजळरेघ | बुधवार, सकाळी ११:३०

तीनदा लिहून पुसलं. आता पाठवतेच.

माझी बाविसाव्या वर्षी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली होती, पाठीच्या दुखण्यामुळे. त्यात दूधनलिका कापल्या जातात. मला बाळंतपणाआधी कुणी नीट सांगितलं नाही की याने दूध कमी पडू शकतं. सगळीकडे वाचायचे ते एवढंच, की प्रत्येक बाईला दूध येतं, फक्त विश्वास ठेवा. मी ठेवला. पाचव्या दिवशी बाळाचं वजन बारा टक्क्यांनी उतरलं होतं, ते रडायचंही थांबलं होतं आणि मी "शांत बाळ आहे" म्हणून समाधानात होते. डबा उघडला म्हणून माझं बाळ उठून बसलं.

तेव्हा पाऊलवाटताई, "विश्वास पुरत नसतो" हे वाक्य माझ्यासारखीने वाचलं की आत काहीतरी तुटतं. तुम्ही "बहुतेक" लिहिलंय, मला दिसतंय. पण आम्ही त्या "बहुतेक" मध्ये नाही आणि आम्हीही हाच धागा वाचतो.


पाऊलवाट | बुधवार, दुपारी १:२०

काजळरेघ, तुम्ही बरोबर आहात आणि मी ते वाक्य एवढं सोपं करायला नको होतं. शस्त्रक्रिया, स्तनातल्या दूधग्रंथीच कमी असणं, वार (प्लासेंटा) पूर्ण न पडता तुकडा आत राहणं, बाळंतपणात खूप रक्त जाणं, थायरॉइड, ही सगळी खरी कारणं आहेत आणि ती इच्छेने हटत नाहीत. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन उतरतं, तेव्हा कुठे दूध भरून यायला लागतं. वारेचा तुकडा आत राहिला तर शरीराला बाळंतपण झालंय हेच पुरतं कळत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीही स्तन जड झाले नाहीत तर त्या आईला धीर द्यायचा नसतो, तपासायचं असतं.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ती चूक तुमची नाही, आमची आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आता गरोदरपणीच विचारते, छातीवर कधी शस्त्रक्रिया झालीय का.


काजळरेघ | बुधवार, दुपारी २:०५

धन्यवाद. हे मनापासून लिहिते. पुढचं सांगायचं राहिलं. माझं जेवढं येत होतं तेवढं मी पाच महिने पाजलं. निप्पलजवळ बारीक नळी चिकटवायची, नळीचं दुसरं टोक फॉर्म्युलाच्या बाटलीत. बाळ अंगावर ओढतं आणि दोन्ही दूध एकदम तोंडात येतं. "केवळ" या शब्दात आम्ही बसलो नाही. पण माझ्या एका स्तनावर हाताची मूठ ठेवून ते प्यायचं, ते मला कुणी दिलं नसतं तर चाललं नसतं.


कवडसा | बुधवार, रात्री ८:४५

काजळरेघ, तुझा प्रतिसाद वाचून मी मूळ लेख पुन्हा वाचला. "त्या दोन वाक्यांनी ठरलं" असं मी लिहिलंय ते माझ्यापुरतंच खरं आहे. माझ्याकडे दूध होतं म्हणून ते वाक्य कामी आलं. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.


शमी | गुरुवार, दुपारी १२:४०

नोकरीची बाजू. मी बाराव्या आठवड्यात कामावर रुजू झाले. तोवर केवळ अंगावरचंच होतं, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता बंद होणार. मीही धरलं होतं.

कामाच्या ठिकाणी पंप करायला मिळालेली जागा म्हणजे जुन्या फायलींची खोली, दाराला कडी नाही. पहिल्या दिवशी पाठ दाराला टेकवून, उभ्याने पंप केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची बाई न बोलता उठली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. तिचं वय पन्नाशीच्या पुढे. मी बाहेर आले तर म्हणाली, "मला कुणी नव्हतं अशी खुर्ची टाकायला." चौदा आठवडे, दिवसातून दोनदा, ती बसली. माझे सहा महिने पूर्ण झाले त्याचं अर्ध श्रेय त्या खुर्चीला.

मला नंतर कळलेली गोष्ट: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ सालच्या मातृत्व करारातच कामाच्या वेळात दोनदा अर्धा-अर्धा तास बाळाला पाजण्यासाठी द्यावा असं आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली! २००० सालच्या नव्या करारात ही सुट्टी कामाचा वेळ धरावी आणि तिचा पगार द्यावा, असं आहे. बाळंतपणाची रजा मात्र त्यातही किमान १४ आठवडेच. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. मधले बारा आठवडे कुणी भरून काढायचे, याचं उत्तर प्रत्येक बाईला एकटीने शोधायला लावतात, याचा मला खरोखर राग येतो.

कुणाला उपयोग होईल म्हणून: काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आणि काढलेलं आपलं दूध वाटी-चमच्याने दिलं तरी ते केवळ स्तनपानच धरतात. मला हे माहीत नव्हतं. बाटलीत गेलं म्हणजे मोडलं, असंच मी समजत होते.


रानजाई | शुक्रवार, पहाटे ३:१२

एका हाताने लिहितेय. मुलगी नऊ दिवसांची आहे. जन्माचं वजन ३१००, तिसऱ्या दिवशी २८५०, काल २९८०. घरात सगळ्यांचं म्हणणं की नऊ दिवस झाले तरी वजन भरलं नाही, निदान रात्रीपुरता डबा सुरू कर म्हणजे तुलाही झोप मिळेल. डावीकडे लावलं की डोळ्यांतून पाणी येतं इतकं दुखतं. काल शू सात वेळा, शी चार, पिवळी. मला काहीच कळेनासं झालंय. डबा ओट्यावर आणून ठेवलाय.


पाऊलवाट | शुक्रवार, पहाटे ५:३५

रानजाई, उठल्या उठल्या तुझा प्रतिसाद दिसला. आधी आकडे बघू. ३१०० वरून २८५० म्हणजे आठ टक्के घट, चालणारी. तिथून पाच दिवसांत १३० ग्रॅम वाढली, म्हणजे रोज पंचवीसच्या आसपास. या वयात रोज वीस-तीस ग्रॅम वाढ चांगली समजतात. घरचे जन्माच्या वजनाशी तुलना करतायत, तू तिसऱ्या दिवसाच्या वजनाशी कर. शू-शीही छान आहे. तुझं दूध पोचतंय तिला.

दुखणं मात्र सोसायचं नाही. बहुधा ती नुसतं टोक धरतेय. आज असं करून बघ. तिचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नको. निप्पल तिच्या तोंडासमोर नको, नाकासमोर धर. वरच्या ओठाला हळूच लागू दे आणि थांब. घाई करू नकोस, ती जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल. त्या क्षणी तिला तू जवळ ओढ, तू वाकू नकोस. हनुवटी आधी टेकली पाहिजे. निप्पलभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत गेलेला दिसेल. चुकलं तर ओढून काढू नकोस, करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाल, पकड सुटेल, पुन्हा लाव. सुटल्यावर निप्पल चपटं, तिरकं दिसत असेल तर पकड अजून उथळ आहे असं समज.

मी इथून तुला बघू शकत नाही. म्हणून आज-उद्या कुणा जाणत्या सिस्टरला किंवा स्तनपान सल्लागाराला प्रत्यक्ष पाजताना दाखव. आणि ताप आला, स्तन लाल होऊन तापला, किंवा ती प्यायला उठेना, तर लगेच दवाखाना.


तिन्हीसांज | शुक्रवार, सकाळी ७:१०

रानजाई बाळा, घरच्यांना तुझी झोप व्हावी असं वाटतंय ना, मग त्यांना ते काम दे. सकाळचं पाजून झालं की बाळ सासूबाईंच्या नाहीतर आईच्या हातात द्यायचं, ढेकर, लंगोट सगळं त्यांनी बघायचं, भूक लागली की तुला उठवायचं. दोन तास मिळतात. आणि हा धागा त्यांना वाचायला दे, माझा प्रतिसाद आधी दाखव.


दवबिंदू | शुक्रवार, सकाळी ८:०२

डबा ओट्यावरून वरच्या फळीवर ठेवायला नवऱ्याला सांगा. गरज पडली तर काढता येईल. पण पहाटे तीनला समोर दिसायला नको.


काजळरेघ | शुक्रवार, सकाळी १०:४४

आणि कधी गरज पडलीच तर फळीवरून काढायला लाजू नकोस. वजनाचा काटा काय म्हणतो ते ऐक. तुझा तर चांगलं सांगतोय.


रानजाई | पुढचा शुक्रवार, दुपारी ४:२५

आज सोळावा दिवस. वजन ३१५०.

शनिवारी एक सल्लागार बाई घरी आल्या होत्या. बाळाला फक्त थोडं खाली सरकवलं आणि मला मागे रेलून बसवलं. डावीकडे लावलं आणि मी पायाची बोटं आवळून वाट बघत राहिले, कवडसाताईंनी लिहिलंय तशी. दुखलं नाही. ती घटाघटा गिळत होती तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. चीर अजून पूर्ण भरलेली नाही, पण पहिल्या दोन-तीन घोटांपुरतंच चुरचुरतं.

सासूबाईंनी सगळे प्रतिसाद वाचले. काही बोलल्या नाहीत. रात्री नवऱ्याला म्हणाल्या, "शूची वही कुठे ठेवली आहेस?" तेव्हापासून त्याच लिहितात, वेळेसकट. आत्ता तिला घेऊन खिडकीपाशी उभ्या आहेत, मी दोन तास झोपून उठले. मूठ तोंडात घालायला लागली आहे, म्हणजे आता मागेल. जाते.